कापरेकरांचा स्थिरांक आणि नववीतली मुलगी

चि. भाचीस,

तुझे पत्र पावले. नववीत गेलेल्या कन्येस गणित-विज्ञानाच्या ऑनलाइन वर्गात घालावे की नाही असे तू विचारतेस, आणि दहावीचा सारा अभ्यासक्रम दिवाळीपूर्वी पुरा करून देण्याची हमी देणाऱ्या एका संस्थेच्या प्रतिनिधीचा शुल्कासाठी रोजचा तगादा चालू असल्याचेही कळवितेस. ३४ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकविल्यावर माझी अशी दृढ धारणा झाली आहे की, पुढील इयत्तेचे पुस्तक आगाऊ उरकून टाकणे यास ज्ञानसमृद्धी म्हणता येत नाही. ज्या इयत्तेत मूल आहे तिथल्याच विषयात अधिक खोल उतरण्याची त्याला सवड मिळणे, हीच खरी समृद्धी.

दाखला आपल्याच मातीतला देतो. देवळालीच्या शाळेत शिकविणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा जो गुणधर्म जगापुढे मांडला, त्यास वजाबाकीपलीकडचे काहीच लागत नाही. सारे अंक एकच नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घे, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा कर, आणि येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया करीत राहा. फार तर सातव्या खेपेस ६१७४ येते आणि तिथेच स्थिर होते. २००५ घेतलीस तर ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ असा प्रवास करीत बरोबर सातव्या पायरीवर मुक्काम पडतो. हे पडद्यावर पाहून मूल टाळी वाजवील. परंतु प्रत्येक वजाबाकी नऊने निःशेष का भागली जाते, तीन अंकांत ४९५ येते तर दोन अंकांत एकाही संख्येवर मुक्काम का होत नाही, हे त्याने स्वतःशी विचारावे आणि दोन दिवस त्यापायी अस्वस्थ राहावे, असे मला मनापासून वाटते. घाईच्या वर्गात त्या दोन दिवसांना जागाच नसते.

तरीही या ऑनलाइन माध्यमाला मी विन्मुख नाही. २००४ साली बोस्टनमध्ये नोकरी करणाऱ्या सलमान खान नावाच्या गृहस्थांनी दूरच्या गावी राहणाऱ्या नात्यातल्या लहान बहिणीस फोनवरून गणित समजावून देण्यास आरंभ केला, आणि त्यातूनच पुढे ध्वनिचित्रफितींतून शिकविणारी खान अकादमी उभी राहिली. त्या आरंभी एक माणूस एका मुलीशी बोलत होता आणि ‘मला कळले नाही’ असे तिला म्हणता येत होते, हे मात्र आज त्या ध्वनिचित्रफिती पाहणाऱ्या असंख्य मुलांच्या वाट्यास येत नाही. ती उणीव घरच्यांनी भरून काढावयाची असते. त्यासाठी तुला गणित येण्याची गरज नाही, शेजारी बसून ‘हे असे का गं?’ एवढे विचारलेस तरी पुरे.

पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळविणारे कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेला ‘फेट’ हा पडद्यावरील प्रयोगांचा उपक्रम तिला अवश्य दाखव. तो विनामूल्य असून त्यातील कितीतरी प्रयोग मराठीतही आहेत. त्यातला लंबक चंद्रावर नेता येतो, गुरूवर नेता येतो. मात्र तो पाहून झाल्यावर त्याच सायंकाळी दाराच्या चौकटीला दोऱ्याने दगड बांधून वीस हेलकाव्यांचा काळ तिला घड्याळावर मोजू दे. मग दगड बदलून पुन्हा, आणि दोरा आखूड करून पुन्हा. पडद्यावरचे आणि दाराशी मोजलेले आकडे जुळले नाहीत तर फारच उत्तम, कारण ते का जुळले नाहीत हे शोधण्यातच तिचा आठवडा सार्थकी लागेल.

त्या प्रतिनिधीस नम्र नकार कळव. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी फोनपाशी असेन. मुलीला तिची वही घेऊन बसव, आणि वजाबाकी नऊने का भागली जाते ती गोष्ट आधी तू तिला सांगू नकोस.



तुझा मामा