एका दिवसाचे अंतर

मैदानातून हिमालयाकडे जाणाऱ्यांच्या दोन जाती आपल्या वाङ्मयाला परिचित आहेत. एक यात्रेकरूंची, दुसरी गिर्यारोहकांची. यात्रेकरूला मूर्ती गाठायची असते, गिर्यारोहकाला माथा. या दोघांच्या मध्ये आता एक तिसरा प्रवासी येऊन उभा राहिला आहे. तो पहाटे निघतो, एखाद्या धारेवर चढून समोरचे हिमशिखर पाहतो आणि सूर्यास्तापूर्वी खाली येतो. त्याच्या पाठीवर तंबू नसतो, मनात नवस नसतो. त्याला शिखरावर पाऊल ठेवायचे नसते. त्याला ते केवळ पाहायचे असते. हे पाहणे वरवर पाहता फार हलके वाटते. परंतु पाहण्याचीही एक पात्रता असते, आणि गढवालातल्या दोन लहानशा वाटांवर तिची परीक्षा होते.

सातारला १८८५ मध्ये जन्मलेल्या काका कालेलकरांनी हिमालय पायी पाहिला आणि त्या प्रवासाचे वर्णन गुजरातीत लिहिले. त्यांच्या पिढीपुढे पर्वत टप्प्याटप्प्याने उलगडत जाई; शिखर दिसण्यापूर्वी त्याच्याविषयीची उत्कंठा पायांत मुरलेली असे. आता उखीमठहून गोपेश्वरकडे जाणारा मोटाररस्ता चोपत्यावरूनच जातो. प्रतीक्षेचे दिवस संपले आणि उरला तो एकच दिवस. या एका दिवसात काय मावते आणि काय मावत नाही, एवढाच प्रश्न आहे.

पहिली वाट सारी या गावातून देवरिया तालाकडे चढते. ती दोनअडीच किलोमीटरांहून फारशी अधिक नाही. बांज आणि बुरांसाच्या झाडीतून चढ संपतो आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर एक लहानसे तळे समोर येते. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा उत्तरेकडचा चौखंबा त्या पाण्यात उलटा उभा राहतो. उन्हे वर आली की पाण्यावर बारीक शहारा उठतो आणि ती चार शिखरे विस्कटून जातात. उशिरा उठणाऱ्याला तळे मिळते, पर्वत मिळत नाही.

दुसरी वाट चोपत्याहून तुंगनाथाला आणि तेथून चंद्रशिलेच्या माथ्यावर जाते. मंदिरापर्यंतची फरसबंद चढण साडेतीन-चार किलोमीटरांची; त्यापुढचा सुमारे दीड किलोमीटर मात्र उभा आणि दम काढणारा. वाटेत झाडे हळूहळू खुजी होतात, वाकतात आणि एका उंचीवर थांबतात. पुढे बुग्याल, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणे. पंचकेदारांपैकी सर्वांत उंचावरचे हे मंदिर समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांच्या आसपास आहे. हिवाळ्यात ते बंद होते आणि देवाची डोली खाली मक्कूमठाला नेतात. या उंचीवर देवही बारमाही राहत नाही, हे चालणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

चंद्रशिलेवरून नंदादेवी, त्रिशूल, केदारनाथाची शिखरे अशी मोठी रांग दिसते. परंतु दृष्टी पुन्हा पुन्हा चौखंब्यावरच स्थिरावते. पहाटे त्याचा माथा प्रथम तांबूस होतो, मग सोनेरी, आणि तो रंग पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. नऊ-दहाच्या सुमारास दऱ्यांतली हवा तापते, उतारांना बिलगून वर चढते, वर जाता जाता थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग बनतात. दुपारपर्यंत पर्वत अनेकदा झाकून जातो. हे पडदे पडण्यापूर्वीचे तीन-चार तास, हीच त्या दिवसाची खरी मिळकत.

चौखंब्याची उंची ७,१३८ मीटर. १९५२ मध्ये एका फ्रेंच मोहिमेने त्याचा सर्वोच्च माथा प्रथम गाठला. चंद्रशिलेपासून तो पक्ष्याच्या वाटेने सुमारे तीस किलोमीटरांवर आहे. या अंतरावरून तो निश्चल, निःशब्द, कालातीत वाटतो. पांढऱ्या रंगाला आपण शांतीचा अर्थ देतो आणि स्तब्धतेला चिरंतनाचा. येथेच डोळा फसतो. जे बर्फ त्याला थिजलेले दिसते, ते वास्तविक वाहत असते. वर्षानुवर्षे साचलेल्या हिमाचे थर स्वतःच्याच भाराने दबून घट्ट बर्फ होतात, आणि ते बर्फ उताराने अतिशय मंद गतीने सरकू लागते. खडकाच्या उंचवट्यावरून जाताना ते तडकते आणि त्यात खोल भेगा पडतात. दुरून ज्या निळसर रेघा नाजूक कोरीवकामासारख्या भासतात, त्यांपैकी कित्येकींत माणूस सहज नाहीसा होईल.

याहून विलक्षण गोष्ट पर्वताच्या पाठीमागे आहे. चौखंब्याच्या पलीकडच्या अंगाला गंगोत्री हिमनदी उगम पावते आणि वायव्येकडे वाहत जाऊन गोमुखाशी संपते. तेथून भागीरथी निघते. त्याच्या पूर्वेकडच्या सतोपंथ आणि भगीरथ खरक या हिमनद्यांतून अलकनंदा निघते. एकाच पर्वताच्या अंगावरून निघालेली ही दोन पाणी देवप्रयागाला एकत्र येतात आणि तेथून पुढे त्यांना गंगा म्हणतात. गंगोत्री हिमनदीची लांबीही सुमारे तीस किलोमीटरच आहे. म्हणजे पाहणारा आणि शिखर यांच्यामध्ये जेवढे अंतर, जवळजवळ तेवढेच लांब बर्फ शिखराच्या मागे पसरलेले आहे, आणि चंद्रशिलेवरून ते मुळीच दिसत नाही. दिसते ते पर्वताचे मुख. त्याचे कार्य त्या मुखाआड चाललेले असते.

ते कार्य आता पूर्वीसारखे चाललेले नाही. गोमुखाचे स्थान १९३५ मध्ये नकाशावर नेमकेपणाने नोंदले गेले. त्यानंतरच्या साठ वर्षांत हिमनदीचे ते टोक एक किलोमीटरहून अधिक मागे सरले. चंद्रशिलेवर उभ्या असलेल्या माणसाला यांतले काही जाणवत नाही. वर्षाकाठी काही मीटरांचा ऱ्हास पकडण्याइतकी त्याची दृष्टी आणि त्याचा दिवस मोठा नसतो. परंतु जी खूण त्याला दिसू शकते, ती त्याच्या पायांशी आहे. तुंगनाथाच्या वाटेवर झाडे जेथे थांबतात, त्या रेषेचा अभ्यास गढवाल विद्यापीठाचे संशोधक करीत आले आहेत. हवामान बदलले की तेथील वनस्पतींच्या वाढीत त्याच्या खुणा शोधता येतात. शिखराकडे डोळे लावून चालणारा ही रेषा ओलांडतो आणि बहुधा ती ओलांडल्याचे त्याच्या ध्यानातही येत नाही.

कधी कधी मात्र पर्वत आपली मंद गती सोडतो. जून २०१३ मध्ये अतिवृष्टीबरोबर केदारनाथावरचा चोराबाडी तलाव फुटला. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ यांचा प्रचंड तुकडा निसटला, ऋषिगंगा व धौलीगंगेच्या खोऱ्यांत लोंढा आला आणि दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. ज्या रांगेला पाहणारे निसर्गशोभा म्हणतात, तिच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ती रात्री पावसाचा आवाज वाढला की आठवते.

सारी गावातल्या बायका जंगलातून गवताचे भारे पाठीवर घेऊन खाली येतात तेव्हा त्यांचे तोंड वाटेकडे असते आणि चौखंबा त्यांच्या पाठीशी असतो. वर चढणारे बाजूला सरकून त्यांना वाट देतात, क्षणभर ओशाळतात आणि पुन्हा शिखराकडे पाहू लागतात. त्या बायकांना पर्वत सुंदर वाटत नाही असे समजणे उद्धटपणाचे होईल. त्यांना तो रोज दिसतो, म्हणून त्यांचे पाहणे घाईचे नसते, एवढाच भेद आहे. कोणत्या वर्षी बर्फ उशिरा पडले, कोणता झरा आटला, हे त्यांच्या पाहण्यात आपोआप येते.

एका दिवसाच्या प्रवाशाला ते पाहणे मिळणे शक्य नाही, आणि त्यासाठी त्याला दोषही देता येत नाही. सर्वांनीच हिमनदीवर जावे असे कोणी म्हणणार नाही. उलट पर्वतापासून तीस किलोमीटर दूर राहणे हाच पुष्कळदा त्याचा मान राखण्याचा मार्ग असतो. मात्र त्या अंतरात एक ऋण दडलेले आहे. डोळ्यांना जे स्थिर दिसले ते चल आहे, जे शाश्वत वाटले ते झिजत आहे, आणि जे पाणी खाली मैदानात आपण ओंजळीत घेतो त्याचा काही अंश त्या झिजेतूनच आलेला आहे, हे जाणून पाहिले तर ते ऋण थोडेसे फिटते. मग दहाच्या सुमारास ढग वर आले आणि चौखंबा झाकला गेला तरी पाहणे थांबत नाही.