बहिणीसाठी आले होते

प्रत्येक मुलखाला आपापलं एक गाव असतं, ज्याचं नाव काढलं की माणसं गालात हसतात. मुंबईकर कुणाच्या विक्षिप्तपणाला कंटाळला म्हणजे म्हणतो, "याला ठाण्याला पाठवा!" पुणेकर येरवड्याचं नाव घेतो. आम्हा कोकणातल्या माणसांना रत्नागिरी पुरते. तसं पाहिलं तर रत्नागिरीला हापूस आहे, थिबा राजाचा राजवाडा आहे, लोकमान्यांचं जन्मघर आहे, पण आमच्या लहानपणी कुणी डोळे वटारून "रत्नागिरीला जायचंय का?" असं विचारलं, तर आंबा काही डोळ्यांपुढे येत नसे. या तिन्ही ठिकाणी सरकारी मनोरुग्णालयं आहेत, त्यांतून कितीतरी माणसं बरी होऊन घरी येतात. पण थट्टेला त्याची वार्ता नसते. थट्टा एकदा तोंडात बसली, की ती पिढ्यान् पिढ्या चालते, आणि मग एके दिवशी आपल्याच वाटेत आडवी पडते.

माझ्या वाटेत ती आडवी पडली दोन वर्षांपूर्वी.

मी बालवर्गाची बाई. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. दहावीला मॅट्रिक म्हणणारी आजी घरात होती, म्हणून तोच शब्द तोंडात राहिला. सकाळी पोरांना अक्षरं गिरवायला लावायची आणि रात्री जेवणंखाणं आटोपल्यावर कादंबरी लिहायची, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या वर्षी वैशाखात आई गेली. दिवसपाणी झालं, पाहुणे पांगले, पाऊस लागला, आणि माझी झोप उडाली. पहाटे तीन म्हटले की डोळे टक्क उघडे. शेजारच्या काकूंना त्यांच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांतल्या त्या मला देत, मी घेत असे. लिहायला बसलं की तेच एक वाक्य तासभर समोर राही. गणपतीत पंचवीस माणसांचं जेवण झालं, पण त्याची चव मला आठवत नाही. शेवटी माझ्या वर्गातल्या एका चिमुरडीनंच मला पकडलं. माझा पदर ओढून ती म्हणाली, "बाई, तुम्ही आता हसत का नाही?"

सासूबाईंनी ग्रामदेवतेला कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, अंगारा आणला. ह्यांनी मात्र तालुक्याच्या गावी दर गुरुवारी येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचा पत्ता काढला. मी पंधरा दिवस टाळाटाळ केली आणि मग एकटीच गेले, कारण दोघं गेलो असतो, तर "कुठं निघालात?" असं एस.टी.त चार जणांनी विचारलं असतं.

औषधांच्या दुकानावरच्या माडीवर तो दवाखाना. मी डोक्यावरून पदर घेऊन जिना चढले, आणि बाकावर पाहते तो आमच्याच गावचे किराणा दुकानदार अण्णा! दोघंही क्षणभर गोरेमोरे झालो. मग मी म्हटलं, "बहिणीसाठी आले होते. तिच्या औषधाचं विचारायचंय." अण्णा तत्परतेनं म्हणाले, "मी पण भाच्यासाठीच." आणि आम्ही दोघं भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे अशा काही गंभीरपणे पाहू लागलो, की जणू संकष्टीचा चंद्रोदय शोधायलाच माडीवर आलो होतो.

आत माझ्या पहिल्या बालवर्गातल्या पोरांच्या वयाचा एक डॉक्टर बसला होता. सिनेमात असतो तसा आडवं पडायचा कोच नव्हता. टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या. त्यानं पाऊण तास प्रश्न विचारले. झोप किती, भूक कशी, वजन उतरलं का, घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का. मग म्हणाला, "कानात कुणी बोलल्यासारखं होतं का? कुणी वाईटावर आहे असं वाटतं का?" मला राग आला. हा आपल्याला तसल्यांत मोजतो की काय! पुढे कळलं, की हे प्रश्न तो प्रत्येक नव्या माणसाला विचारतो; जसा आपला नेहमीचा डॉक्टर सर्दी झालेल्याच्याही छातीला नळी लावतो. नव्यानं जाणाऱ्यानं या प्रश्नांनी बिचकू नये.

शेवटी त्यानं अगदी सरळ विचारलं, "बाई, जगणं नकोसं वाटतं का कधी?"

"छे हो!" मी म्हटलं.

इथं मी फसवलं. मी कादंबरी लिहिणारी बाई. आईच्या मरणापासून माझ्या न लिहिण्यापर्यंतची हकिगत मी इतकी नीटनेटकी, कार्यकारणभाव लावून सांगितली होती, की तिच्यात दुसरं काही मावायलाच जागा नव्हती. काकूंच्या गोळ्या मी गाळल्या, आणि आणखीही एक गोष्ट गाळली. डॉक्टरनं ऐकून घेतलं, नैराश्याचा आजार आहे म्हणाला, थायरॉईड, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण यांच्या कमीजास्तपणानंही माणूस असा मलूल होतो. एक गोळी लिहून दिली आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. निघताना म्हणाला, "गोष्ट चांगली जुळली आहे, बाई. पुढच्या खेपेला न जुळणारं सांगा. आणि घरातलं रोज तुम्हाला पाहणारं एक माणूस सोबत आणा."

पुढच्या खेपेला मी ह्यांना नेलं. हे मितभाषी. डॉक्टरनं विचारलं, "घरी यांच्यात काय फरक दिसतो?" हे जरा आठवून म्हणाले, "तसा काही नाही. उलट व्यवस्थितपणा वाढलाय. हल्ली ती कपाटाच्या किल्ल्या, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक कुठं असतं, ते सगळं मुलीला दाखवून ठेवते. परवा तर पापडाचं प्रमाणही तिला लिहून दिलं."

डॉक्टरनं लेखणी खाली ठेवली. ह्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हा मी न जुळणारं सांगितलं. आपण नसलो तरी हे घर चालेल, कदाचित अधिक बरं चालेल, हा विचार मला पहाटे तीनला रोज येत होता. आणि त्या विचारानं मला भीती वाटत नव्हती, हायसं वाटत होतं. हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि गेल्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच मी हमसून रडले. डॉक्टर घाबरला नाही, रागावलाही नाही. त्यानं माझ्या संमतीनं ह्यांना आत बोलावून सगळं सांगितलं. औषधं ह्यांच्या ताब्यात द्यायची, मला काही दिवस एकटं ठेवायचं नाही, आणि पंधरवड्याऐवजी दर गुरुवारी यायचं, असं ठरलं. काकूंच्या गोळ्यांचीही कबुली दिली. त्या महिनोन् महिने घेतल्या तर सवय लागते आणि एकदम सोडल्या तर त्रास होतो. म्हणून त्या हळूहळू, मोजून कमी केल्या.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सांगते: गोष्ट जुळवू नका. कागदावर चार ओळी लिहून न्या. त्रास केव्हापासून, झोप किती, काय खाववत नाही, कशाची भीती वाटते. दुसरी कुठली औषधं चालू असतील, मग ती रक्तदाबाची असोत, काढा असो की शेजारणीची गोळी, सगळी पिशवीत घालून न्या. दारू, तंबाखू असेल तर तीही सांगा. डॉक्टर काही सासरा नव्हे. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर ते आधी सांगावं. सोबत घरचं माणूस न्या, पण थोडा वेळ एकट्यानं बोलायचं आहे, असंही बेलाशक सांगा. आणि जी गोष्ट सांगू नये असं जिन्यावर ठरवाल, तीच पहिल्यांदा सांगा.

आणखीही काही गोष्टी मला उशिरा कळल्या. मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. होऊन पुढं या विषयात शिकलेला डॉक्टर असतो; औषध तो देतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून, सरावातून उपचार करतात. ते गोळ्या लिहून देत नाहीत. पुष्कळांना दोघांचीही गरज लागते. गोळीचं म्हणाल, तर ती डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात लागू पडत नाही. मळमळ, तोंडाला कोरड, गुंगी हे त्रास आधी येतात आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिकही. पुष्कळजण नेमके या मधल्या दिवसांत "औषध बाधलं" म्हणून सोडून देतात. दुसरी चूक बरं वाटू लागल्यावर होते. बरं वाटल्यानंतरही नैराश्याची गोळी साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवावी लागते, आणि थांबवायची ती डॉक्टरला विचारून, पायरीपायरीनं. सासूबाईंनी एकदा भीत भीत अंगाऱ्याचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाला, "आजी, गाऱ्हाणं राहू द्या. गोळी मात्र चुकवू देऊ नका." तेव्हापासून रात्री नऊला गोळीची आठवण करणारं माणूस आमच्याकडे सासूबाईच!

शॉकची भीती मलाही होती. बहुतेकांना त्याची गरजच पडत नाही. ज्यांना पडते, त्यांना भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊनच तो देता येतो. नुसता शॉक द्यायला कायद्यानं बंदी आहे. हा कायदा २०१७ चा, २०१८ पासून अंमलात आलेला. १९१२ च्या जुन्या कायद्याच्या नावातच वेडाचा शब्द होता, १९८७ साली त्याच्या जागी दुसरा आला, आणि आताचा हा रोग्याच्या हक्कांची भाषा बोलतो. आपला आजार काय, उपचार कोणते, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे, आणि आपली गोष्ट गुप्त ठेवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे. जीवच धोक्यात असेल, तर मात्र तो वाचवण्यापुरतं त्याला घरच्यांशी बोलता येतं. गाठीला पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार मिळतात. रात्रीअपरात्री जीव कासावीस झाला, तर १४४१६ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो. सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही 'टेलिमानस' सेवा दिवसरात्र चालते, आणि तिथं मराठीत बोलता येतं.

मला पूर्ण बरं व्हायला वर्ष लागलं. मध्ये एकदा घसरलेही. पण एका पहाटे जाग आली ती पाचला, आणि मनात पहिला विचार आला तो नारळ किती खवायचे आहेत याचा. त्या दिवशी ओल्या करंज्या करायच्या होत्या!

यंदा फराळाचा रवा आणायला अण्णांच्या दुकानात गेले. पुडी बांधता बांधता अण्णांनी इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "बहीण कशी आहे तुमची?"

"बरी आहे," मी म्हटलं. "झोपते आता. तुमचा भाचा?"

"तोही दुकानात बसतो पूर्वीसारखा."

पैसे देऊन मी दोन पायऱ्या उतरले आणि परत फिरले. म्हटलं, "अण्णा, मला बहीण नाही हो. मी एकुलती एक."

अण्णांनी सुतळीची गाठ मारली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि मूठभर बेदाणे काढून पुडीवर ठेवले. "ठाऊक आहे की," ते म्हणाले. "तुमच्या आईंचं वाण्याचं खातं आमच्याकडेच होतं. आणि माझा भाचा, बाई, तो दुबईला असतो. त्याला कशाला काय होतंय!"