द्राक्षांच्या गावाला, सासूबाईंसोबत

"वाइन की टूर? और माताजी भी गयी थीं?" रायपूरच्या आमच्या कॉलनीतल्या शेजारीणबाईंनी डोळे विस्फारून विचारलं. त्यांचं आश्चर्य अगदी स्वाभाविक होतं. आमच्या घरात आजवर दारूची रिकामी बाटलीसुद्धा कधी आलेली नाही. मनीप्लांट लावायला म्हणून मी एकदा भंगारवाल्याकडची एक सुंदर हिरवी बाटली आणली होती, तीही सासूबाईंनी दाराबाहेरूनच परत पाठवली होती.

रायपूरच्या मराठी घरांत नाशिकचं नाव निघतं ते पंचवटी, काळाराम आणि त्र्यंबकेश्वरसाठी. एखादा विधी राहून गेलेला असतो, मग हावड्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत बसायचं आणि सतरा-अठरा तासांनी नाशिकरोडला उतरायचं. आम्हीही गेल्या फेब्रुवारीत तसेच गेलो. त्र्यंबकेश्वरचं काम दोन दिवसांत आटोपलं. परतीचं आरक्षण चौथ्या दिवसाचं होतं. मधला एक दिवस मोकळा होता आणि लॉजच्या काउंटरवर एक पत्रक पडलेलं होतं: द्राक्षमळे आणि वाइनरी, मार्गदर्शकासह एक दिवसाची सहल, जेवणासहित.

पत्रक मी वाचत होते आणि हे माझ्याकडे बघत होते. आईंना विचारणार कोण, हाच प्रश्न होता. शेवटी मीच विचारलं. आई म्हणाल्या, "द्राक्षांचा मळा मी कधी पाहिला नाही. मळा बघेन. पुढचं तुम्ही बघा."

मिसळ आधी, मळा नंतर

सकाळी नऊला मिनीबस निघाली. आम्ही चौदाजण होतो. पुण्याचं एक नवविवाहित जोडपं, मुंबईच्या चार मैत्रिणी, ठाण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांची पत्नी, बाकी असेच. नाशिककरांच्या रिवाजाप्रमाणे सहलीची सुरुवात झणझणीत मिसळीने झाली. मग गाडी गंगापूर रस्त्याने धरणाच्या दिशेला लागली.

आमचा मार्गदर्शक तिशीतला तरुण होता, स्वतः द्राक्ष बागायतदाराचा मुलगा. त्याने सांगितलेली पहिलीच गोष्ट आम्हाला नवी होती. आपण बाजारातून आणतो ती द्राक्षं वाइनच्या कामाची नसतात. खायची द्राक्षं मोठी, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनची द्राक्षं लहान, जाड सालीची, बियांची आणि चवीला खूपच गोड. खायच्या द्राक्षाचा वेल बहुधा मांडवावर चढवतात, वाइनच्या वेलांच्या मात्र तारांवर सरळ उभ्या ओळी असतात.

द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती वेलाला नवी काडी यावी म्हणून. ऑक्टोबरच्या सुमाराला दुसरी, ती फळासाठी. जानेवारी ते मार्च काढणी. थंडीतल्या गार रात्री फळातला आंबटपणा टिकवून धरतात आणि दिवसाचं ऊन गोडी भरतं. मधल्या काळात अवकाळी पाऊस आला, गारपीट झाली किंवा डाऊनी, भुरी पडली की वर्षाची मेहनत गेली. हे सांगताना त्या मुलाचा आवाज जरा खाली आला. पाठ केलेलं भाषण तो करत नव्हता हे तेवढ्यावरूनच कळलं.

मळ्यात बायका काढणी करत होत्या. बहुतेकजणी पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी गावांतून हंगामापुरत्या आलेल्या. आई त्यांच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पाच मिनिटांत गप्पा सुरू झाल्या. आम्ही छत्तीसगडचे म्हटल्यावर एकीने विचारलं, "तुमच्याकडं मोह हाय का?" आई म्हणाल्या, "मोहच मोह आहे." मार्च-एप्रिलात पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, हे दोघींकडे सारखंच होतं. मग त्या बाईने वाइनच्या बाटलीची किंमत विचारली. मी सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "म्हंजी आमचा दोन दिसांचा रोज." आणि पुन्हा कात्री चालवू लागली.

नाशिकला हे आलं कसं?

महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा पहिला मोठा प्रयत्न ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला केला. तिथल्या शॅम्पेनसारख्या फेसाळ वाइनने परदेशातही नाव कमावलं. नाशिकचं नाव मात्र झालं ते राजीव सामंत यांच्यामुळे. अमेरिकेत शिकून, तिथली नोकरी सोडून ते नव्वदच्या दशकात परतले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत त्यांनी वाइनची द्राक्षं लावली. आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचं नाव ठेवलं 'सुला'. त्यांची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने वाइनसाठी वेगळं धोरण आखलं आणि मग दिंडोरी, इगतपुरीपर्यंत वाइनरी उभ्या राहिल्या. 'नाशिक व्हॅली वाइन'ला आता भौगोलिक मानांकनही आहे.

टाक्यांच्या दारात

पहिल्या वाइनरीत आई आतही आल्या. मार्गदर्शकाने एक काळं द्राक्ष चिमटीत दाबून दाखवलं. रस जवळजवळ बिनरंगाचा! लाल वाइनचा रंग सालीतून येतो. म्हणून लाल वाइन करताना रस सालींसकट आंबवतात आणि पांढरीसाठी साली आधीच वेगळ्या काढतात. यीस्ट रसातली साखर खातं, तिचं अल्कोहोल होतं. स्टीलच्या उंच टाक्यांत हे चालतं आणि थंड पाणी खेळवून टाक्यांचं तापमान सांभाळतात, पांढरीचं अधिक थंड, लालचं जरा उबदार. काही लाल वाइन पुढे ओकच्या लाकडी पिंपांत महिनोन्महिने मुरते.

टाक्यांच्या दालनाचं दार उघडलं आणि आंबट-गोड, जड असा वास अंगावर आला. आई उंबऱ्यावरच थांबल्या.

"हाच वास," त्या हळूच म्हणाल्या. "मिलच्या मागच्या गल्लीतला." आणि त्या बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

आईंचे थोरले भाऊ राजनांदगावला कापड गिरणीत होते. ते दारूपायी गेले, एवढंच मला लग्नानंतर कळलं होतं. यांनाही त्याहून फारसं ठाऊक नव्हतं. 'मामा लिव्हरने गेले', एवढं एकच वाक्य त्या घरात बोललं जायचं.

"समोर घे"

चव घेण्याचा कार्यक्रम धरणाच्या पाण्याकडे तोंड केलेल्या एका सज्जात होता. प्रत्येकापुढे पाच ग्लास, प्रत्येकात दोन-तीन घोट. आधी रंग बघायचा, ग्लास हलकेच फिरवायचा, वास घ्यायचा आणि मग घोट तोंडात घोळवायचा. गिळायचा नसेल तर थुंकायला भांडं ठेवलेलं होतं.

आई आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्यापुढे द्राक्षाचा रस ठेवला होता. मार्गदर्शक विचारत होता, "सोविन्याँ ब्लाँचा वास कशासारखा वाटतो?" कोणी म्हणालं लिंबू, कोणी म्हणालं छान. आईंनी माझा ग्लास नाकाजवळ नेला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "कच्चा पेरू. आणि ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसा." मार्गदर्शक टाळ्या वाजवायचाच बाकी होता. जाणकार या वाइनचं वर्णन करताना नेमक्या याच दोन वासांची नावं घेतात. पन्नास वर्षं फोडणीच्या वासावरून मीठ ओळखणाऱ्या नाकाला ते अवघड नव्हतं.

पण यांचे पाचही ग्लास तसेच होते. हे पाण्याकडे बघत होते. ऑफिसच्या पार्टीत हे कधीमधी घेतात, हे मला ठाऊक होतं. त्या रात्री वेलदोडा चघळत उशिरा घरी यायचं आणि आईंच्या खोलीवरून पाय न वाजवता जायचं, हा आमच्याकडचा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. यांनी आपला ग्लास हळूच माझ्याकडे सरकवला. आईंनी ते पाहिलं.

"घे," आई म्हणाल्या. "घ्यायची तर समोर घे. लपवून घेतलेली मी खूप पाहिलीय. दादा तांदळाच्या कोठीत बाटली ठेवायचा."

टेबलावर कुणी काही बोललं नाही. यांनी ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. कशी लागली, असं आईंनीच विचारलं. "आंबट आहे," हे म्हणाले. आई हसल्या. त्यानंतर यांनी आणखी दोन ग्लासांची चव घेतली, बाकीचे तसेच राहिले.

जेवताना ठाण्याचे गृहस्थ म्हणाले, "वाइन म्हणजे दारू नव्हे हो, हृदयाला चांगली असते." हा समज बराच पसरलेला आहे, म्हणून इथे लिहिते. वाइनमध्ये साधारण बारा ते चौदा टक्के अल्कोहोल असतं, व्हिस्की-रममध्ये चाळीसच्या वर. पण ग्लास भरून दीडशे मिलीलिटर वाइन घेतली, तर पोटात जाणारं अल्कोहोल व्हिस्कीच्या पाऊण पेगाएवढंच होतं. आणि अल्कोहोलचं अमुक प्रमाण सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. वाइन आवडली तर चवीसाठी घ्यावी, औषध म्हणून नव्हे.

एकच राज्य, दोन टोकं

परतीच्या वाटेवर माझ्या मनात नकाशा फिरत होता. याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या छत्तीसगडच्या सीमेला लागून गडचिरोली आहे. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे आणि त्यासाठी गावोगावच्या बायका उठल्या होत्या. शेजारच्या चंद्रपूरमध्ये २०१५ साली बंदी आली, २०२१ मध्ये उठली. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्यावर इतका गदारोळ झाला की तो अमलात आलाच नाही. आमच्याकडे २०१७ पासून दारूची दुकानं सरकारच चालवतं. आदिवासींना मात्र मोहाची दारू घरापुरती, ठरावीक प्रमाणात गाळायची मुभा आहे.

द्राक्षाला पाहुणे येतात, मार्गदर्शक मिळतो, बाटलीवर सुंदर चित्र असतं. मोहाच्या फुलाचं कौतुक करायला सहल येत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशाने आता मोहाची दारू 'हेरिटेज' म्हणून बाटलीत भरायला घेतली आहे खरी. पण फूल असो की फळ, आंबवणारं यीस्ट सारखंच. घर मोडायचं की नाही, ते काही बाटलीवरच्या चित्रावर ठरत नाही.

जायचं असेल तर

जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम, कारण तेव्हा काढणी बघायला मिळते. जागा आधी राखून ठेवा, शनिवार-रविवारी गर्दी फार असते. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट एकवीस वर्षं आहे. मुलांना न्यायचं असेल तर मळा आणि टाक्या दाखवाव्यात, चवीच्या वेळी त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे का ते आधी विचारावं. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, मार्गदर्शक आणि चालक असलेली सहल त्यासाठीच घ्यायची. पोटभर खाऊन निघा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. बाटल्या घरी न्यायच्या असतील, तर परराज्यातून किती नेता येतात याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात, ते आधी पाहा. आम्ही बाटली घेतली नाही. आईंनी वाटेत दोन किलो द्राक्षं आणि पाव किलो बेदाणे घेतले.

आणि बरोबर न पिणारं माणूस असेल तर त्याला बाहेर बाकावर बसवून ठेवू नका. सहलीत त्याच्यासाठीही बघण्यासारखं पुष्कळ असतं.

परतीच्या गाडीत भुसावळ गेल्यावर आईंनी आपणहून मामांचा विषय काढला. पगाराच्या दिवशी मामी मिलच्या फाटकाशी कशी उभी राहायची, मामांचा गळा किती गोड होता, नाट्यपदं म्हणायला लागले की गल्ली कशी गोळा व्हायची. शेवटच्या वर्षात त्यांना हार्मोनियमसमोर नीट बसवतही नव्हतं. हे वरच्या बर्थवरून खाली आले आणि आईंच्या पायांशी बसून ऐकत राहिले. मामा गात असत, हे यांना चाळिशी उलटल्यावर कळत होतं.

घरातला नियम बदललेला नाही. बाटली आजही दारात येत नाही आणि येणार नाही. पण मागच्या महिन्यात ऑफिसच्या समारंभाहून हे उशिरा आले, तेव्हा आई पुढच्याच खोलीत जाग्या होत्या.

"घेतलीस?" त्यांनी विचारलं.

"हो. एक ग्लास."

"गाडी कोणी चालवली?"

"ऑफिसच्या ड्रायव्हरने सोडलं."

आई उठल्या आणि यांचं ताट वाढायला आत गेल्या.