टोळी निघायच्या आधी

२४ सप्टेंबर

दसरा जवळ आला की आमच्या आरोग्य केंद्रात बायकांची गर्दी वाढते. बीड जिल्ह्यातला हा कोपरा ऊसतोडीवरच चालतो. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली, कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ठरलेला. एकदा फडात गेलं की दवाखान्यासाठी दिवस बुडाला तरी खाडा, म्हणजे दंड, पडतो. त्यामुळे दुखणी आत्ताच दाखवायची. आज डॉक्टरांसमोर नुसतं ‘कंबर दुखते’ म्हणालेल्या तिघी नंतर माझ्या खोलीत येऊन पांढरं जातंय म्हणून सांगत होत्या. डॉक्टर आमचे भले आहेत, पण पुरुष आहेत आणि दारात रांग असते.

२७ सप्टेंबर

वय ३२, दोन लेकरं, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. आल्या आल्या म्हणाली, “सिस्टर, पिशवीच काढायची हाय. त्या खाजगीतल्या डॉक्टरनं सांगितलं, नायतर पुढं कॅन्सर व्हतो. पाळीची कटकट बी जाईल.”

टेबलावर घेतलं. स्पेक्युलम कोमट पाण्यातून काढून हळूच सरकवला. पिशवीच्या तोंडाला ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावलं आणि घड्याळात एक मिनिट बघितलं. पांढरा चट्टा उमटला असता तर पुढे पाठवावं लागलं असतं. तोंड गुलाबीच राहिलं. दह्यासारखा स्राव होता, खाज होती. डॉक्टरांना सांगून दोन नंबरचं हिरवं किट दिलं, गोळ्या समोरच घ्यायला लावल्या.

“एवढंच?” तिचा विश्वास बसेना. मग अर्धा तास गेला. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर या वयात काय काय मागे लागतं, ते सांगितलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हापासून जिल्ह्यात खाजगी दवाखान्यालाही या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. परवानगीचा कागद चांगलाच आहे. पण त्याच्या आधी कुणीतरी आत बघितलं पाहिजे, आणि ते बघायला सर्जन लागत नाही.

तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात नर्सनीच ही तपासणी केली होती, आणि डाग गोठवून टाकायचा उपचारही त्यांनीच केला. २००७ मध्ये निष्कर्ष आले: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी. मला मात्र डाग दिसला तर चिठ्ठी लिहिण्यापलीकडे काही करता येत नाही.

९ ऑक्टोबर

गरोदर बायकांचा दिवस. पाठ टेकायला वेळ नाही. एकीचं हिमोग्लोबिन ६.४ आणि ती फडात जाणारच म्हणते. सासूला बोलावून घेतलं. चिठ्ठी तिच्याच हातात दिली.

१२ ऑक्टोबर

‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनवाली आली. पहिला डोस डॉक्टरांनी तपासून द्यायचा, पुढचे मी देऊ शकते. हे मला पटतं. अडचण तारखेची. पुढचा डोस जानेवारीत, आणि तेव्हा ती कोल्हापूरकडे ऊस तोडत असणार. दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरा चालतं, हे कार्डावर ठळक लिहिलं आणि तोंडानेही दोनदा सांगितलं, कारण तिला वाचता येत नाही. डॉक्टरांनी तिकडच्या केंद्राला फोन करायचं कबूल केलंय. उद्या आठवण करायची.

१६ ऑक्टोबर

पाळी चुकून सात आठवडे झालेली. मूल नको आहे, टोळी चार दिवसांत निघणार. गोळ्यांनी होण्यासारखं आहे, पण १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीनेही ते काम डॉक्टरचंच, तेही त्यातलं प्रशिक्षण घेतलेल्या. आमचे डॉक्टर त्यात बसत नाहीत. नेपाळात प्रशिक्षित एएनएम नर्स या गोळ्या देतात. जागतिक आरोग्य संघटनाही नर्सना त्यासाठी योग्य मानते. इथे मी तपासते, दिवस मोजते, समजावते आणि तालुक्याला पाठवते. मी पाठवलं नाही तर मेडिकलवाला न विचारता गोळ्या देईल, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

आमच्यातली एक जण अठरा महिन्यांच्या त्या नव्या मिडवाइफ अभ्यासक्रमाचा फॉर्म भरते आहे. २०१८ च्या केंद्राच्या धोरणातला, नर्स प्रॅक्टिशनर करणारा. जरूर भर म्हटलं. नैसर्गिक बाळंतपण नर्सने स्वतःच्या जबाबदारीवर करावं हे उत्तमच, पण बाळंतपणाखेरीज बाईला पिशवी नसते का? ती हसली आणि म्हणाली, हा प्रश्न तिथे मुलाखतीत विचारते.

सात आठवडेवाली उद्या सकाळच्या एसटीने तालुक्याला जाईल. आशाताई सोबत आहेत. नवऱ्याची सही लागत नाही, हे दोघींनाही पक्कं सांगून ठेवलंय.