आबा, नगर आणि साडेदहा सेंटिमीटरचा माणूस

‘वीकएंडला काय केलंस?’ सोमवारी कॉफी मशीनपाशी हा प्रश्न येतोच. कुणी लोणावळा सांगतं, कुणी नवीन कॅफे. मी म्हटलं, ‘नगरला गेले होते. रणगाड्यातून माणूस किती बाहेर येतो ते बघायला.’ मग कॉफी मशीनपाशी जरा शांतताच झाली.

सांगते. माझ्याकडे रिमोटवर चालणारा शर्मन रणगाडा आहे. खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याचा, पहिल्या बोनसमधून घेतलेला. (मुलगी असून रणगाडा? विचारून झालं असेल तर पुढे जाऊ.) टरेट गोल फिरतं, पट्टे खडखडतात, सोसायटीतली पोरं फिदा. फक्त टरेटच्या झाकणातून जो कमांडर डोकावतो, तो प्लॅस्टिकचा गुलाबी अमेरिकन! आता शर्मन आपल्याकडेही होते. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरची लढाई झाली, तेव्हा डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट शर्मन घेऊनच लढली. मग माझ्या कमांडरनं आपल्यासारखं दिसायला नको?

लागले कामाला. आधी त्याचं हेल्मेट घासून काढलं. एम-सीलची गोळी मळली, बोटं ओली करून (नाहीतर तुमच्याच बोटांना चिकटतं) त्याची बेरे टोपी केली. जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची तार काढून हेडसेट केला. खरी परीक्षा चेहऱ्याची. बाजारातला तयार ‘स्किन कलर’ म्हणजे पुन्हा तोच गुलाबी साहेब. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि चिमूटभर पांढरा... चार वेळा पुसून पाचव्यांदा आपल्या मातीतला माणूस दिसायला लागला. मग पातळ तपकिरी रंग सुरकुत्यांत सोडला आणि ट्रिपल झिरो ब्रशनं मिशी काढली. कोपर झाकणावर टेकलेलं, मनगटात घड्याळ, कमरेपासून वर सगळा बाहेर. बॉस, हीरो दिसत होता!

फलटणजवळच्या आमच्या गावी गेले तेव्हा आबांना दाखवला. आबा माझे आजोबा. ऐंशी कधीच ओलांडली. 1965 मध्ये ते ईएमईत होते, म्हणजे लष्कराच्या मेकॅनिक मंडळींत, आणि त्यांचं वर्कशॉप सेंच्युरियन रणगाड्यांच्या एका रेजिमेंटबरोबर होतं. युद्धाबद्दल विचारलं की ते गिअरबॉक्सबद्दल बोलायचे. त्यांनी चष्मा लावला, कमांडर उलटसुलट पाहिला.

‘असं कुणी उभं ऱ्हातंय का गं?’

‘म्हणजे?’

‘नगरला चल. दाखवतो.’

माझं ऑफिस खराडीत, म्हणजे नगर रोड मला रोजचाच. फक्त तो वाघोलीच्या पुढेही जातो, हे ट्रॅफिकमुळे विसरायला होतं. रांजणगावला गणपती, शिरूरला चहा, घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा. (आता अहिल्यानगर. आबांच्या तोंडी अजून नगरच.) पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. रणगाड्यांचं संग्रहालय फराहबागेच्या बाजूला. चिलखती दलाच्या केंद्रानं 1994 मध्ये उभारलंय. लष्कराची जागा आहे, ओळखपत्र जवळ असू द्या.

आणि ऊन! झाडांमध्ये ओळीनं उभे रणगाडे. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे, मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी रणगाडाही. फोटोवेड्यांचा इथे अख्खा दिवस जाईल. आबा मात्र सरळ सेंच्युरियनपाशी. याच जातीच्या रणगाड्यांतून पूना हॉर्सचे दोन परमवीर लढले. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर 16 सप्टेंबर 1965 ला गेले आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 डिसेंबर 1971 ला. खेत्रपाल एकवीस वर्षांचे होते. त्या वयात मी कॅम्पस इंटरव्ह्यूला कुठली कुर्ती घालू, यावर रडले होते.

आबांनी माझा साडेदहा सेंटिमीटरचा माणूस (उभा असता तर तेवढा भरला असता) रणगाड्यासमोर धरला आणि अंगठा त्याच्या हनुवटीखाली ठेवला.

‘रस्त्यानं जाताना कमरेपातुर ठीक. गोळे यायला लागले की हितपर्यंत. आणि कोपर कुठं टेकलंयस? सप्टेंबरचं ऊन, लोखंड तापलेलं. कातडं निघंल त्याचं.’

‘मग झाकण बंदच का नाही करत?’

‘बंद केलं की काय दिसतंय? पेरिस्कोपातनं फळीएवढी पट्टी. निम्मी धूळ.’

मग ते पुढच्या पॅटनकडे बघत राहिले. असल उत्तरला आपले रणगाडे उसात लपवले होते, शेतांत पाणी सोडलं होतं आणि पॅटन चिखलात रुतले, हे मी वाचलं होतं. मी तेच बोलायला लागले. मध्येच आबा म्हणाले, ‘ऊस उंच हुता. वर आल्याशिवाय दिसायचंच न्हाई. म्हणून तो वर आला.’

कोण, ते मी विचारलं नाही.

‘सांजच्याला टँक आणायला आम्ही गेलो. कुठं वरखडा न्हाई. सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात चालू. गनर, लोडर, ड्रायव्हर, तिघं आत धड. वर तेवढा तो नव्हता.’

आमच्या शेतातही ऊसच आहे. आजवर यातलं एक अक्षर मी ऐकलं नव्हतं. नंतर आबांनी उसाचा रस नको म्हटलं, चहा घेतला आणि सुप्यापर्यंत झोपले.

घरी येऊन हॅक्सॉ ब्लेड काढलं. कमरेपासून हनुवटीपर्यंत माणूस साधारण अर्धा मीटर, सोळानं भागलं की तीन सेंटिमीटरच्या थोडं वर. तेवढं कापलं. दोन वीकएंड जीव ओतून रंगवलेले हात, ते घड्याळ, सगळं गेलं. खाली चुंबक बसवला, म्हणजे ब्रेक मारला तरी पडत नाही. आता रिमोट हातात घेतला की लांबून फक्त बेरे, डोळे आणि मिशी दिसते. दिसायला पूर्वीइतका भारी नाही, खरं सांगते. पोरांनी लगेच विचारलं, ‘ताई, तुमचा माणूस बुडाला का?’

आबांना व्हिडिओ पाठवला. दहा मिनिटांत फोन.

‘बाकीचे चौघं?’

शर्मनमध्ये पाच जण असतात, बरोबर. पुढच्या झाकणांतून ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा दाखवता येईल. ‘पण आबा, गनर आणि लोडर टरेटच्या आत. केले तरी कुणाला दिसणार नाहीत.’

‘दिसत नसंनात. आत असत्यात की.’

परवा नवं एम-सील आणलं. गनरपासून सुरुवात केलीय.