आबांची राजधानी

आमच्या घरच्या चुलत-आत्ये भावंडांनी पाहिलेला पहिला परमुलूख म्हणजे हैदराबाद. पासपोर्ट लागत नव्हता एवढंच. पण पाट्यांवरची गोल गोल अक्षरं वाचता येत नसत आणि रस्त्यात कुणी काही विचारलं की आम्ही आबांच्या धोतरामागं लपत असू. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. नांदेडचे आम्ही मीटरगेजच्या गाडीनं निजामाबादवरून काचीगुड्याला उतरायचो. लातूरहून आत्याची मंडळी उदगीर-बिदर करत एसटीनं गौलीगुड्याला यायची. त्या स्टँडाचं पत्र्याचं अजस्र कमानदार छत पाहूनच अर्धी सहल वसूल व्हायची. ते छत 2018 साली कोसळलं, तेव्हा आमच्या लातूरकर भावंडांनी घरचं कुणी गेल्यासारखे फोन केले.

आबांचं गणित मात्र उलटं होतं. त्यांच्या तरुणपणी परदेश होता तो सोलापूर! इंग्रजी मुलूख म्हणायचे त्याला. वाटेत करोडगिरीचा नाका, खिशातले हाली रुपये मोडून कलदार घ्यायचे, ही सगळी यातायात सोलापूरला जाताना. हैदराबाद म्हणजे आपली राजधानी: शिक्षण, हायकोर्ट, मोठं दुखणं आलं तर मुसीकाठचा उस्मानिया दवाखाना. 17 सप्टेंबर 1948 ला निजामशाही संपली, 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आबा जागचे न हलता त्यांची राजधानी परराज्यात गेली. त्यामुळं पर्यटन खात्याच्या बसचं तिकीट काढून गाईडकडून हैदराबाद समजून घ्यायचं, हे त्यांना अपमानास्पदच वाटलं असणार. ते आले ते आजीच्या हट्टापायी.

गाईड निजामाबादकडचा, पोरगेलासा, हिंदीतून बोलणारा. त्याचं वाक्य संपलं की आबा अस्सल उर्दूत पुरवणी जोडत. सालार जंगच्या दारातच सुरुवात झाली. हे म्युझियम नव्या इमारतीत आलं 1968 ला. त्याआधी, 1951 पासून, ते दिवाण देवडीत होतं आणि खरी मजा तिथंच होती, असं आबांनी अख्ख्या बसला ऐकवलं. आम्हाला त्याचं काय! बाराच्या आत त्या वाजणाऱ्या घड्याळापुढं जागा धरायची होती. इवलासा दाढीवाला माणूस दार उघडून बाहेर आला, टोले द्यायला लागला आणि लातूरच्या पोरांनी ते मोठ्यांदा मोजले. बेन्झोनीच्या बुरख्यातल्या रिबेकापुढं आजी बराच वेळ थांबली. संगमरवरातून कोरलेला तो झिरझिरीत पदर निरखून म्हणाली, "आमच्या सासूबाईंनी असला पदर घेऊ दिला नसता."

गोवळकोंड्याला गाईडनं फतेह दरवाजाखाली टाळी वाजवली. ती वर बाला हिसारला ऐकू येते म्हणे. खात्री करायला काका निम्मी पोरं घेऊन साडेतीनशेवर पायऱ्या चढून गेले आणि खाली आम्ही हात लाल होईस्तोवर टाळ्या पिटल्या. ऐकू आलं की नाही, यावर पुढं कैक वर्षं दोन तट राहिले. आजी तोवर रामदासाच्या कोठडीत हात जोडून उभी. हे भद्राचलमचे रामदास, समर्थ नव्हेत, असं आबांनी सांगितलं, तर म्हणाली, "रामाचेच ना? मग झालं."

कोहिनूर, तानाशहा, औरंगजेबाचा वेढा, 1687 मध्ये पडलेला किल्ला हे सारं गाईडनं रंगवून सांगितलं. शिवाजी महाराज 1677 साली इथं भागानगरात येऊन याच तानाशहाला भेटले, कर्नाटकाच्या मोहिमेसाठी करार केला, हे मात्र त्यानं गाळलं. आबांनी ते इतकं तपशिलात सांगितलं की कुतुबशाही कबरींपाशी पोचल्यावर गाईडनं तेच आपलं म्हणून मागच्या सीटवरच्या गुजराती कुटुंबाला ऐकवलं. आबा खूश! तिथल्याच झाडाखाली धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. गाईडलाही दोन दिले. त्यानं तिसरा मागून घेतला, आमच्याकडच्या सर्वपिंडीच्या जवळ जातं म्हणाला.

निजामाच्या दौलतीची गोष्ट निघाली तेव्हा मात्र आबांचा सूर पालटला. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस, असं गाईड अभिमानानं म्हणाला. कुणाच्या सारा-पट्टीवर, असं आबांनी विचारलं. 1938 ला उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हटलं म्हणून पोरं काढून टाकली होती, रझाकारांच्या दिवसांत गावंच्या गावं सरहद्दीपलीकडं गेली होती, ते ही दौलत सांगताना का येत नाही? बस गप्प. आम्हा पोरांना कळेना, माणूस सकाळपासून ज्या शहराची तारीफ करतोय त्याच्याच राजावर एवढा का चिडतो. आता वाटतं, शहर त्यांचं होतं, राजा नव्हता. त्यात न कळण्यासारखं काय होतं?

शेवटी चारमिनार. 1591 ची ती इमारत आजीनं आणि आत्यानं मान वर करून क्षणभर पाहिली आणि दोघी लाड बाजारात शिरल्या. लाखेच्या बांगड्यांचा भाव आबांच्या उर्दूनं निम्म्यावर आणला, दुकानदारानं वर चहा पाजला. लातूरला पोचेपर्यंत आत्याच्या बांगड्यांचे बरेच खडे गळाले. बिदरचा रस्ताच तसला खराब, असं आत्या म्हणायची. आबांच्या मते छप्पन्न सालानंतर त्या रस्त्याकडं ना आपल्या सरकारनं पाहिलं, ना त्यांच्या.