पत्ता एक, दारं अनेक

रविवारी सकाळी बेलापूरहून पनवेल लोकल पकडा आणि खिडकीत बसा. पुढचं स्टेशन खारघर. टॉवर तसेच, होर्डिंग्जही तशीच. पण ठाणे जिल्हा संपलेला असतो आणि तुम्ही चक्क रायगडात शिरलेले असता!

पनवेलला उतरलात की जुन्या गावात वडाळे तलावाकडे चक्कर माराच. इथली नगरपालिका 25 ऑगस्ट 1852 ची, म्हणजे 1857 च्या उठावाहूनही जुनी. 1 ऑक्टोबर 2016 ला तिची महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. सिडकोने वसवलेली नवीन पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली तिच्यात आली आणि 29 गावंही.

गंमत पुढेच आहे. पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे, कलेक्टर अलिबागला, नंबरप्लेट एमएच 46 आणि लोकसभेचा मतदारसंघ मावळ, थेट घाट ओलांडून पिंपरी-चिंचवडपर्यंत!

ही गंमत खिशालाही लागते. महापालिकेने कॉलन्यांमधल्या फ्लॅटवाल्यांकडे 2016 पासूनचा मालमत्ता कर मागितला. त्याच काळाचं सेवाशुल्क लोकांनी सिडकोला भरलेलं. मग या दुहेरी कराविरुद्ध मोर्चे निघाले, प्रकरण कोर्टातही गेलं.

फ्रान्सने 1790 मध्ये देशाचे 83 विभाग पाडले, तेव्हा हिशेब सोपा ठेवला होता: घोड्यावरून एका दिवसात विभागाच्या मुख्य गावी पोचता आलं पाहिजे. आपल्याला अलिबागचं काम निघालं की एक कॅज्युअल लीव्ह गेलीच म्हणून समजा!

आता गोवा हायवेला लागा. वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव शिरढोण लागतं. इथे महापालिका नाही, ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद. थोडं पुढे कर्नाळा. किल्ल्याभोवतीचं साधारण 12 चौरस किलोमीटरचं पक्षी अभयारण्य वनखात्याचं. अर्ध्या तासाच्या ड्राइव्हमध्ये तीन कारभार बघून झाले.

25 डिसेंबर 2025 पासून विमानंही उडू लागलीत. विमानतळाचं नाव नवी मुंबई, तालुका मात्र पनवेलच.

तेव्हा इथे फ्लॅट बघायला गेलात की डोंगराचा व्ह्यू नंतर बघा. आधी विचारा, कर कोण घेणार, पाणी कोण देणार आणि नळ कोरडा पडला तर दार कोणाचं ठोठवायचं?